शरीर गोठवलं, पण आठवणींचं काय?

अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेडफर्ड यांचं १२ जानेवारी १९६७ रोजी कॅन्सरने निधन झालं. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले नाहीत. त्यांचं शरीर गोठवण्यात आलं. आज ते ॲरिझोनातल्या 'अल्कोर' या संस्थेत, उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये आहे. भविष्यातलं विज्ञान आपल्याला जिवंत करेल, ही त्यामागची आशा. यालाच म्हणतात क्रायोनिक्स.

पण समजा, उद्या ते खरंच उठून बसले, तर ते बेडफर्डच असतील का?

मेंदू थांबला की आठवणी जातात?

नाही. महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांमध्ये रुग्णाचं शरीर २० अंशांच्या आसपास थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटं थांबवतात. ईईजीवर सरळ रेष येते. तरीही शुद्धीवर आलेला रुग्ण घरच्यांना ओळखतो. कारण जुन्या आठवणी मेंदूतल्या विजेवर नाही, तर पेशींमधल्या जोडण्यांवर, म्हणजे सिनॅप्सवर टिकतात. क्रायोनिक्सवाल्यांची सगळी भिस्त इथेच आहे.

मग घोडं अडतं कुठे?

बर्फात. पाण्याचे स्फटिक या नाजूक जोडण्या फाडतात. म्हणून आता शरीरात गोठणरोधक रसायनं सोडतात, त्यामुळे ऊती बर्फाऐवजी काचेसारख्या घट्ट होतात. बेडफर्ड यांच्या वेळी हे तंत्र नव्हतं. त्यात मृत्यूनंतर रक्तपुरवठा थांबताच मेंदूचं नुकसान सुरू होतं, ते वेगळंच.

२०१५ मध्ये संशोधकांनी 'सी. एलिगन्स' या जेमतेम एक मिलिमीटरच्या कृमीला एक वास ओळखायला शिकवलं, अशा पद्धतीने गोठवलं आणि पुन्हा जिवंत केलं. त्याला तो वास आठवत होता! बातमी मोठीच. फक्त या कृमीच्या शरीरात ३०२ चेतापेशी असतात, माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी.

२०१६ मध्ये सशाचा अख्खा मेंदू जोडण्यांसकट जपण्यात यश आलं. पण त्यासाठी वापरलेलं ग्लुटाराल्डिहाइड पेशी कायमच्या मारतं. असा मेंदू जिवंत करता येत नाही. फार तर त्यातला नकाशा वाचून कधीतरी कम्प्युटरवर त्याची नक्कल उभी करता येईल.

आणि खरा पेच इथून सुरू होतो. नकलेला लहानपण आठवेल, बायको-मुलांची नावंही आठवतील. ती छातीठोकपणे सांगेल, 'मीच तो!' पण मग त्याच नकाशावरून दुसरी नक्कल काढली, तर तीही हेच सांगेल.