धर्मोपदेशकाचे घर



‘काम आहे तोवर खोली’ हा करार आम्हां कामगारांत वावरणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा. तोच करार इंग्लंडात देवाच्या सेवकालाही लागू होता, हे आम्हांला फार उशिरा, ब्राँटे भगिनींची चरित्रे वाचताना कळले.

यॉर्कशायरमधील हॉवर्थ हे लोकर विंचरणाऱ्यांचे व विणकरांचे गाव. तेथे दफनभूमीला लागून १७७८-७९ साली बांधलेले दगडी घर आहे. पॅट्रिक ब्राँटे हा आयरिश शेतकऱ्याचा मुलगा, धर्मोपदेशक म्हणून १८२० साली पत्नी व सहा मुलांसह तेथे राहावयास आला. पुढच्याच वर्षी पत्नी गेली; १८२५ साली दोन मुली गेल्या. उरलेल्यांपैकी शार्लट, एमिली आणि ॲन यांच्या कादंबऱ्या १८४७ साली प्रसिद्ध होऊन जगभर गाजल्या.

रसिक त्या घरातून दिसणारे माळरान पाहतात. आम्ही पाहिले ते घर कोणाचे, एवढेच. घर चर्चचे होते! बापाचा डोळा मिटला की पगार बंद आणि छप्परही जाणार, ही टांगती तलवार मुलींच्या डोक्यावर सदैव होती. म्हणून शार्लट आणि ॲन श्रीमंतांघरी मुलांना शिकवावयास राहिल्या. १८४४ साली त्यांनी घरातच शाळा काढण्याचे ठरवून पत्रके छापली. एकही विद्यार्थिनी आली नाही.

बरे, फुकटचे ते घर तरी कसे? गावचे पाणी दूषित. पॅट्रिकने सरकारकडे अर्ज केल्यावर बॅबेज नावाचा अधिकारी आला. १८५० च्या त्याच्या अहवालानुसार गावात मृत्यूसमयीचे सरासरी वय २५ च्या आसपास होते. शेकडा ४१ मुले सहा वर्षांची होण्याआधीच दगावत. गिरणगावचे आकडे वाचून आमचे डोळे निबर झाले आहेत, तरी येथे थबकलोच.

सहाही अपत्ये गमावून पॅट्रिक १८६१ च्या जूनमध्ये वारला. शार्लटचा पती निकल्स याने तेथेच सोळा वर्षे साहाय्यक म्हणून सेवा केली होती. चर्चच्या विश्वस्तांनी जागा दुसऱ्याला दिली. ऑक्टोबरात घरातल्या सामानाचा लिलाव झाला व निकल्स आयर्लंडला परतला.

१९२८ साली सर जेम्स रॉबर्ट्‌स यांनी ते घर विकत घेऊन ब्राँटे सोसायटीला दिले. तेथे आज संग्रहालय आहे. हे गृहस्थ त्याच परिसरातले, पोरवयात गिरणीत राबलेले, पुढे गिरणीमालक झालेले. मालकवर्गाचे आम्ही सहसा कौतुक करीत नाही, येथे करतो.