वाहन योग्यता तपासणी, हलक्या मालवाहनांची (अहिल्यानगर जिल्हा)

व्यवसायासाठी वापरले जाणारे वाहन रस्त्यावर चालविण्यास सुरक्षित आहे की नाही, हे ठरावीक मुदतीने शासकीय यंत्रणेमार्फत पडताळून पाहण्याच्या पद्धतीस योग्यता तपासणी म्हणतात. वाहनचालकांच्या बोलीत तिला ‘पासिंग’ हा शब्द रूढ आहे. मालासह एकूण वजन ७,५०० किग्रॅ.पेक्षा अधिक नसलेले टेंपो, पिकअप इ. वाहने कायद्याने हलक्या वाहनांत मोडतात.

भारतात मोटार वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये झाला. १९३९ च्या कायद्याने वाहतूक वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. तथापि खेड्यांतील दूध, कांदा व भाजीपाला बाजारपेठेत नेण्यास लहान वाहनांची गरज होती. जर्मन कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये सुरू झालेल्या बजाज टेंपो कंपनीच्या तीनचाकी वाहनाने ती बऱ्याच अंशी भागविली. ‘टेंपो’ हे व्यापारी नाव मराठीत सामान्यनाम बनले. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसने या वर्गात मोठी भर घातली.

तपासणीचे दोन प्रकार या जिल्ह्यात आढळतात. अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्था ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा केंद्रीय नियमांनुसार नव्या वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक आहे. तेथे आराखड्याची पारख होते. मात्र झिजलेले रोधक, गुळगुळीत झालेले टायर वा सैल झालेली सुकाणू यंत्रणा हे वापरातून उद्‌भवणारे दोष होत. त्यांसाठी प्रत्येक वाहन स्वतंत्रपणे तपासावे लागते. हे काम अहिल्यानगर (एमएच १६) व श्रीरामपूर (एमएच १७) येथील परिवहन कार्यालयांच्या कक्षेत येते. टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिमी. असावी व ताशी ३० किमी. वेगातील वाहन रोधक दाबल्यावर १३ मी. अंतरात थांबावे, असे दंडक आहेत.

१९८८ च्या कायद्यानुसार योग्यता प्रमाणपत्राविना वाहतूक वाहनाची नोंदणी वैध मानली जात नाही. नव्या वाहनास दोन वर्षे व पुढे दरवर्षी नूतनीकरण, असा नियम होता. २०१८ मधील दुरुस्तीने आठ वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी ही मुदत दोन वर्षे करण्यात आली. त्याहून जुन्या वाहनांना वार्षिक तपासणी कायम राहिली. मुदत टळल्यास दरदिवशी ५० रु. अतिरिक्त शुल्काची तरतूद डिसेंबर २०१६ मध्ये झाली. एकाच वाहनावर उपजीविका करणाऱ्या मालक-चालकास हा भुर्दंड आणि तपासणीपायी बुडणारा रोजगार जाणवण्याजोगा असतो.

केवळ नजरेने पाहून प्रमाणपत्र दिल्यास तपासणीचा हेतूच विफल होतो. याविषयीच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने रोधक चाचणीसाठी २५० मी. लांबीच्या पथाचा आग्रह धरला. परिणामी नोव्हेंबर २०१७ पासून असा पथ नसलेल्या राज्यातील कार्यालयांत तपासणी थांबविण्यात आली. २०२१ मध्ये केंद्र शासनाने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम प्रसृत केले. या केंद्रांत रोधकबल, धूर व दिव्यांचा झोत यांचे यंत्राद्वारे मापन होते. प्रमाणपत्राची मुदत कितीही असली, तरी ते देण्यापूर्वी वाहन प्रत्यक्ष तपासले गेले किंवा नाही, यावरच त्याचे मोल ठरते.