किडनी देण्याआधीची जनुकीय तपासणी नेमकं काय शोधते?

किडनी प्रत्यारोपणाआधीची जनुकीय तपासणी म्हणजे ‘मॅच होतं का’ ते बघायची टेस्ट, असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. मॅच बघणाऱ्या टेस्टला एचएलए टायपिंग म्हणतात. एचएलए जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि सहसा एकगठ्ठा वारशात येतात. म्हणून आई-वडिलांशी मुलाचं निम्मं जुळतंच. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के, निम्मं जुळण्याची 50 आणि अजिबात न जुळण्याची 25 टक्के. आता औषधं सुधारलीत, त्यामुळे फारसं न जुळणारी नवरा-बायकोची किडनीही चालते.

खरा पेच पुढे आहे. ज्या आजाराने रुग्णाची किडनी गेली, तोच देणाऱ्याच्या शरीरात लपून बसला असेल तर?

पॉलिसिस्टिक किडनीचंच घ्या. हा आजार आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता 50 टक्के. समजा, 24 वर्षांचा मुलगा वडिलांना किडनी द्यायला तयार आहे आणि त्याची सोनोग्राफी स्वच्छ आली. तेवढ्यावर निश्चिंत होता येत नाही, कारण या वयात सिस्ट दिसतीलच असं नसतं. चाळिशीनंतरच्या स्वच्छ सोनोग्राफीवर जास्त भरवसा ठेवता येतो. एमआरआयमध्ये बारीक सिस्टही दिसतात. तरी शंका राहिली तर जनुकीय तपासणी.

पण इथे क्रम चुकवू नका: आधी वडिलांची टेस्ट, मग मुलाची. वडिलांच्या जनुकातली नेमकी चूक सापडली आणि ती मुलात नसली, तर उत्तर पक्कं. वडिलांना सोडून थेट मुलाची टेस्ट केली आणि ‘काही आढळलं नाही’ असं आलं, तर चूक नाहीच की टेस्टला सापडली नाही, हे कसं कळणार? कोडमध्ये बग कुठल्या ओळीत आहे ते माहीत असणं आणि नसणं, तसाच हा फरक. त्यात पीकेडी1 जनुक भलतं त्रासदायक. त्याच्या बऱ्याच भागाच्या सहा जवळपास हुबेहूब नकला त्याच गुणसूत्रावर आहेत, त्यामुळे सिक्वेन्सिंगचे छोटे तुकडे नेमके कुठे बसवायचे यात सॉफ्टवेअरचा गोंधळ उडतो. ऑनलाइन मागवलेल्या थुंकीच्या किटवर हा निर्णय अजिबात घेऊ नका.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. एएस म्हणजे फक्त वाहक असलेला माणूस धडधाकट जगतो, पण वाहकांमध्ये किडनीच्या आजाराचा धोका थोडा जास्त असतो. म्हणून डोनरचं इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्यावं आणि घरात कुणाचं सिकलसेल कार्ड असेल तर तेही डॉक्टरांना दाखवावं. एएस निघाला म्हणजे नकारच, असं नाही. लघवीतलं प्रोटीन आणि बाकीचे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात.

नातं कागदपत्रांवरून सिद्ध होत नसेल तर नियमांनुसार डीएनए चाचणी मागता येते, ती वेगळी. आणि घरातला कुणीच डोनर बसत नसेल तर प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत नागपूरच्या झेडटीसीसीच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवता येतं. त्यासाठी घरातल्या सगळ्यांच्या टेस्ट संपायची वाट बघत बसू नका.