हद्द हलली, माणसं जागेवरच! पालघरच्या आकड्यांची गोष्ट

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांवरून थेट सव्वापाच टक्क्यांवर आलं. कुणी गाव सोडलं नव्हतं की कुणाचा दाखला रद्द झाला नव्हता. कागदावर फक्त एक रेघ ओढली गेली आणि पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला.

हिशोब सोपा आहे. २०११ च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार होती, देशात सर्वाधिक. त्यात आदिवासी साडेपंधरा लाखांच्या आसपास. विभाजनात १५ पैकी ८ तालुके पालघरला आले: पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा. या आठांची लोकसंख्या २९ लाख ९० हजार, आणि आदिवासी ११ लाखांवर, म्हणजे ३७ टक्के. उरलेल्या ठाण्यात ८० लाख ७० हजार लोकांमागे आदिवासी सव्वाचार लाखच राहिले.

कॉम्प्युटरवाले ज्याला डेटा मॉडेल म्हणतात, ते म्हणजे हेच: कशाला काय म्हणायचं, कोण कुठल्या खान्यात मोजायचं, याचा साचा. जिल्हा हा असाच एक खाना. तो बदलला की त्याच्यावर उभा असलेला प्रत्येक अहवाल, तक्ता, पोर्टल, डॅशबोर्ड हलतो. जिल्हा करताना कार्यालयं कुठे, कर्मचारी किती, याची चर्चा खूप झाली. पण ‘ठाणे जिल्हा’ या दोन शब्दांवर कुठकुठले आकडे उभे आहेत याची यादी? त्याबद्दल सार्वजनिक चर्चेत कुणी फारसं बोललं नाही.

जनगणनेचं निभावलं, कारण रेघ तालुक्यांच्या हद्दीवरूनच गेली. तालुका फुटला नाही. त्यामुळे आठ तालुक्यांची बेरीज केली की २०११ चा पालघर मिळतो, जरी त्या वर्षी पालघर जिल्हा नव्हता तरी. साचा बदलला तरी सगळ्यात लहान खाना शाबूत असेल, तर जुनं-नवं जोडता येतं.

आता दुसरं उदाहरण बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची चौथी फेरी २०१५-१६ ची. तेव्हा पालघर जिल्हा झालेला होता, पण पाहणीने जिल्हे २०११ च्या जनगणनेचे धरले. म्हणजे मोखाड्याचं मूल आणि डोंबिवलीचं मूल एकाच ‘ठाणे’ सरासरीत. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, पालघरचं स्वतंत्र पत्रक आलं. पण तुलना कशाशी करणार? ही नमुना पाहणी. निवडक घरांवरून जिल्ह्याचा अंदाज काढायचा. त्या घरांची तालुकावार बेरीज करून जुना पालघर काढता येत नाही. नव्वदीच्या दशकात जव्हार-मोखाड्याच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. त्याच भागात कुपोषण कमी झालं की वाढलं, हे सांगायला या पाहणीत मागचा जिल्हा-आकडाच नाही. साचा बदलण्याची किंमत ती हीच.

हद्दीचं झालं, तसंच सूत्राचंही होतं. त्यासाठी बोईसरला या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक पट्ट्यांना शंभरपैकी गुण देतं, जितके जास्त तितकं प्रदूषण गंभीर. २००९ मध्ये तारापूरला ७२.०१ गुण होते. २०१८ मध्ये ९३.६९, देशात पहिला नंबर. बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण मध्ये २०१६ ला गुण देण्याचं सूत्रच बदललं होतं. हवा-पाण्याच्या मोजमापाला ५० गुण, उद्योगांच्या व्यापाला २०, नियमपालनाला २०, आरोग्याच्या नोंदींना १०, अशी नवी विभागणी आली.

म्हणून ‘प्रदूषण २१ गुणांनी वाढलं’ असं म्हणणं चूक. पण ‘सूत्र बदललं, प्रदूषण कुठे वाढलंय’ असं म्हणून कारखानदारांनी हात झटकणं त्याहून चूक. ७० च्या वर म्हणजे अतिप्रदूषित, आणि तारापूर जुन्या सूत्रातही त्या रेषेच्या वर होतं, नव्यातही आहे. खाडीतला मच्छीमार यातलं कुठलंच सूत्र वाचत नाही, त्याला जाळ्यात काय येतं ते कळतं. वाढ किती झाली हे खरंच सांगायचं तर २००९ ची मूळ मोजमापं नव्या सूत्रात घालून पुन्हा गुण काढायला हवेत.

हे सगळं आत्ता का? कारण पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या संदर्भाने होते आहे. पालघर त्यात पहिल्यांदाच जिल्हा म्हणून मोजला जाईल. तेव्हा कुणीतरी २०११ चं जुनं ठाणे आणि २०२७ चं नवं ठाणे शेजारी ठेवून आलेख काढणारच. आणि पालघरची सरासरीही जपून वाचावी लागेल. २०११ मध्ये जिल्ह्याच्या ३० लाखांत एकटा वसई तालुका १३ लाख ४३ हजारांचा, तर मोखाडा ८३ हजारांचा. ठाण्याच्या सरासरीत जे मोखाड्याचं झालं, तेच आता वसईच्या सावलीत होऊ शकतं. जव्हार जिल्हा करा ही मागणीही जुनीच आहे. उद्या ती मान्य झाली तर हाच खेळ पुन्हा.

मागणी साधी आहे. हद्द किंवा सूत्र बदलण्याआधी, त्यावर कुठले अहवाल आणि कुठल्या योजनांचा निधी अवलंबून आहे त्याची यादी जाहीर करा. बदलानंतर निदान काही वर्षं जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी छापा. जिथे तुलना होत नाही तिथे तसं ठळक लिहा. आणि आकडे तालुक्यापर्यंत, शक्य तिथे गावापर्यंत, उघडे ठेवा.

आपणही एक करू या. जिल्ह्याचा आकडा चढला किंवा उतरला अशी पोस्ट पुढे ढकलण्याआधी विचारायचं: माणसाचं आयुष्य बदललं, की नुसता खाना?