लाडबोरीचे कडे आणि अवकाश मासिकाचे वाचक

2 एप्रिल 2022, शनिवार, गुढीपाडवा. गुढ्या उतरवून झाल्या होत्या. रात्री पावणेआठच्या सुमारास उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ आणि मध्य प्रदेशाच्या काही भागांतून लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या ठिपक्यांची एक रांग पाहिली. उल्का म्हणावी तर फार सावकाश जात होती, विमान म्हणावे तर जळत होती. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे एक कडे पडलेले सापडले. माणसाच्या उंचीहून मोठे. पुढे आसपासच्या शिवारांतून गोळेही मिळाले. रॉकेटमध्ये वायू दाबाखाली भरून ठेवायला जी टाकी लागते, तशा घडणीचे.

हे काय होते? त्या रात्री पहिला तर्क असा झाला की, हा न्यूझीलंडहून उडालेल्या रॉकेटचा भाग असावा. तर्काला आधार होता. 'रॉकेट लॅब' कंपनीचे इलेक्ट्रॉन रॉकेट त्याच दिवशी आपल्या वेळेनुसार सायंकाळी 6 वाजून 11 मिनिटांनी माहिया द्वीपकल्पावरून सुटले होते. दीड तासाचे अंतर, त्यामुळे जोडी जमली. पण रॉकेटचा पहिला टप्पा उड्डाणानंतर काही मिनिटांतच सुटून तिथल्याच समुद्रात पडतो. तो सिंदेवाहीला यायचा कसा?

दुसरे उत्तर अमेरिकेतून आले. जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले की, फेब्रुवारी 2021 मध्ये चीनने सोडलेल्या 'चांग झेंग 3-बी' रॉकेटचा तिसरा टप्पा त्या वेळी वातावरणात शिरणार होता आणि दिसले ते त्याच्याशी जुळते. वर्षभर तो पृथ्वीभोवती फिरत, हळूहळू खाली येत होता. आपल्याकडच्या जाणकारांनीही पुढे हेच मान्य केले. मॅकडॉवेल व्यवसायाने खगोलभौतिकीचे शास्त्रज्ञ. पण जगात सुटलेल्या प्रत्येक रॉकेटची नोंद ठेवणे हा त्यांच्या नोकरीचा भाग नव्हे. 1989 पासून ते आपले एक वार्तापत्र स्वतःच्या हौसेने चालवतात. कुठला तुकडा कुठल्या कक्षेत आहे, याची वही घालणारी अशी माणसे जगात बरीच आहेत. नेदरलँड्सचे मार्को लँगब्रुक मूळचे पुरातत्त्वज्ञ!

या वहीचा इतिहास शोधू गेले की वाट एका मासिकाशी येऊन थांबते. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी 1933 साली लिव्हरपूलमध्ये स्थापन झाली. संस्थापक फिलिप क्लीटर. त्यांना रॉकेट बनवायचे होते, पण 1875 च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्यामुळे खासगी माणसाला रॉकेट उडवून पाहण्याची बंदी होती. मग करायचे काय? लिहायचे आणि वाद घालायचे. 1934 च्या जानेवारीत त्यांचे नियतकालिक निघाले. 1939 पर्यंत चंद्रावर जाणाऱ्या यानाचा आराखडा कागदावर तयार होता. हाती एक फटाका नसताना! तरुण आर्थर क्लार्क याच मंडळीत. मला वाटते, कायद्याने हात बांधले म्हणूनच या लोकांची लेख चिरफाड करून वाचण्याची सवय इतकी पक्की झाली.

सर्वसामान्य वाचकांसाठीचे 'स्पेसफ्लाइट' हे मासिक मात्र 1956 च्या ऑक्टोबरात सुरू झाले. पहिले संपादक पॅट्रिक मूर. विद्यापीठाची पायरी न चढलेला माणूस (माझ्यासारख्याला हे वाचून बरे वाटते). वर्षभरातच, 4 ऑक्टोबर 1957 रोजी, स्पुटनिक वर गेला आणि मासिकाला न संपणारा विषय मिळाला. सोव्हिएत संघ उपग्रह सोडी, नाव आणि कक्षेचे आकडे जाहीर करी, पण तो कशासाठी आहे, कुठून सुटला, हे सांगत नसे. 'कॉसमॉस' हे एकच नाव शेकडो उपग्रहांना. तेव्हा लेख छापून आला की वाचक त्यावर तुटून पडत. अमक्या उपग्रहाची कक्षा तमक्याशी का जुळते, तो आठच दिवसांत खाली का येतो, याचा पत्रांतून काथ्याकूट चाले. मासिकात उपग्रहांच्या आकड्यांचे 'सॅटेलाइट डायजेस्ट' हे रूक्ष सदर असे. बाहेरच्या माणसाला ते रेल्वेचे वेळापत्रक वाटावे. या मंडळींचा तोच कच्चा माल.

जेफ्री पेरी हे इंग्लंडमधल्या केटरिंग गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर आणि शाळेची मुले सोबतीला. रेडिओवर उपग्रहांचे संदेश ऐकायचे, घड्याळ लावून वेळा टिपायच्या, एवढेच साहित्य. 17 मार्च 1966 रोजी सुटलेल्या कॉसमॉस-112 च्या वेळा बैकानूरशी जुळेनात. आता उपग्रहाच्या पहिल्या फेरीचा मार्ग जमिनीवर रेखला, तर प्रक्षेपणाची जागा त्या रेषेवर कुठेतरी असणार, इतके कळते. नेमकी जागा कळत नाही. ऑक्टोबरात कॉसमॉस-129 वेगळ्या कलाने सुटला. दुसरी रेषा मिळाली. दोन्ही रेषा छेदल्या त्या मॉस्कोच्या उत्तरेला प्लेसेत्स्क गावाजवळ. नोव्हेंबर 1966 मध्ये पेरींनी हे जाहीर केले. सोव्हिएत सरकारने तिथे तळ असल्याचे कबूल केले 1983 साली. पेरींचे लेख पुढे 'फ्लाइट इंटरनॅशनल'मध्ये आणि 'स्पेसफ्लाइट'मध्येही आले. त्यावरही वाचकांनी शंका काढल्याच.

छायाचित्रांची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. पहिल्या अंतराळवीरांचा 1961 साली सोची येथे काढलेला एक समूहफोटो वेगवेगळ्या पुस्तकांत छापला गेला. रेक्स हॉल आणि जेम्स ओबर्ग यांच्यासारख्या चिकट वाचकांनी प्रती शेजारी ठेवल्या, तर एका प्रतीत माणूस होता आणि दुसरीत त्याच जागी काहीच नव्हते. तो ग्रिगोरी नेल्युबोव. 1963 साली दारूच्या प्रकरणात पथकातून काढला गेला, 1966 मध्ये रेल्वेखाली मेला. त्याची कहाणी सोव्हिएत वृत्तपत्रात आली 1986 साली.

आपल्याकडे काय होते? मासिकांचा तुटवडा नव्हता. पुण्याचे 'सृष्टिज्ञान' 1928 चे, म्हणजे लिव्हरपूलच्या त्या मंडळींहून पाच वर्षांनी थोरले. पुण्याचीच ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 ची, मुंबईची मराठी विज्ञान परिषद 1966 ची. थुंब्याहून पहिले रॉकेट 1963 मध्ये उडाले, 1975 मध्ये आर्यभट वर गेला, तेव्हा मराठीत लिहिणारे होते आणि वाचणारेही. आमच्या शहरात पुढे एमजीएमचे अवकाश विज्ञान केंद्र उभे राहिले, मुले दुर्बिणीला डोळा लावू लागली. पण आपल्या मासिकांचा रिवाज शंका-समाधानाचा राहिला. वाचकाने विचारायचे, तज्ज्ञाने सांगायचे. लेखावर येणारी पत्रे बहुधा 'लेख आवडला, उद्बोधक आहे' अशी. लेखातला आकडा तपासून 'हा जुळत नाही' म्हणणारे पत्र जुने अंक चाळताना हाती लागले की मी तिथे कागदाचा कपटा घालून ठेवतो. फार कपटे लागले नाहीत.

आणि सोव्हिएत मासिके तर आपल्या घरांत स्वस्तात येतच होती. 'सोव्हिएत लँड'ची गुळगुळीत रंगीत पाने माझ्या पिढीतल्या मुलांनी वह्यांना कव्हरे म्हणून घातली. ज्या कागदांवरून तिकडे गायब झालेली माणसे शोधली गेली, तसल्याच कागदांवर आम्ही इयत्ता आणि तुकडी लिहीत होतो.

ही नुसती हौसेची बाब नाही. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर ती सोडणारा देश भरपाईला बांधील असतो. चूक सिद्ध करण्याचीही गरज नसते. 24 जानेवारी 1978 रोजी अणुभट्टी असलेला कॉसमॉस-954 कॅनडात कोसळला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, 1981 मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. पण दावा लावायला आधी वस्तू कोणाची हे ठरावे लागते. लाडबोरीला कोणाला इजा झाली नाही. ते कडे एखाद्या घरावर पडले असते आणि आपण न्यूझीलंडचेच नाव धरून बसलो असतो तर?

म्हणून एक विनंती. त्या पाडव्याच्या रात्री ज्यांनी ती रांग पाहिली, त्यांपैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये अजून चित्रफीत असेल आणि फाइलवर वेळही असेल. रात्री पावणेआठला मृग नक्षत्र पश्चिमेच्या बाजूला ठळक दिसत होते. रांग त्याच्या उजवीकडून गेली की डावीकडून, वरून की खालून, आपण कुठल्या गावी, कुठल्या गच्चीवर उभे होतो, रांग दिसायला लागल्यापासून विझेपर्यंत किती वेळ गेला, एवढे पोस्टकार्डावर मावते. संभाजीनगर, जालना आणि बुलढाणा अशा तीन ठिकाणांहून जरी पत्रे आली, तरी मार्गाची रेषा आपल्याच नकाशावर ओढून मॅकडॉवेल यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. या लेखातले काही जुळत नसेल, तर तेही त्याच पत्रात लिहावे.