तिसऱ्या, उंदीर आणि सोनं

सिंगापूरचं जुरोंग आयलंड म्हणजे 7 बेटं भराव घालून जोडलेली. त्यांतल्या सेराया, मेर्लिमाऊ या नावांपुरताच आता समुद्र उरलाय; बाकी सगळे कारखाने. इथं पास दाखवून शिरताना माझ्या डब्यात तिसऱ्यांचं सुकं असतं. आईचा नियम एकच: उकळून तोंड न उघडलेली तिसरी फेकायची. पण शिंपल्यांत साचणारं सॅक्सिटॉक्सिन हे विष उकळून जात नाही. 1997 साली केरळात विळिंजमला शिंपले खाऊन 7 जण गेले.

हे विष मोजायला 1937 साली कॅलिफोर्नियात सॉमर आणि मेयर यांनी उंदीर वापरला. शिंपल्याचा अर्क 20 ग्रॅमच्या उंदराच्या पोटात टोचायचा, घड्याळ लावायचं. 15 मिनिटांत मारणारी मात्रा म्हणजे एक ‘उंदीर-एकक’. क्रूरच! आता बायोसेन्सरच्या एका प्रकारात सोन्याच्या थरावर विष आधीच चिकटवलेलं असतं. नमुन्यात त्या विषाला चिकटणारी प्रतिपिंडं मिसळतात. नमुना विषारी असेल तर ती त्यातल्या विषातच अडकतात, सोन्यापर्यंत कमी पोचतात आणि सोन्यावरून परावर्तित प्रकाशाचा कोन कमी सरकतो.