आहारसल्ला आणि परवाना : अमेरिकेतील राज्य-कायद्यांचा इतिहास

अमेरिकेत आहारतज्ज्ञांचा व्यवसाय संघटित झाला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात. अन्नधान्याची काटकसर करण्याची निकड आणि रुग्णालयांतील पथ्याच्या स्वयंपाकाला शास्त्राची शिस्त लावण्याची गरज एकाच वेळी तीव्र झाली असताना, लुलू ग्रेव्ह्ज आणि लेना कूपर यांच्या पुढाकाराने 1917 मध्ये क्लीव्हलँड येथे अमेरिकन डायटेटिक असोसिएशन स्थापन झाली. या संस्थेने 1969 मध्ये ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ ही नोंदणी सुरू केली. मात्र ती व्यावसायिकांनी आपसांत घालून घेतलेली शिस्त होती, तिच्यामागे सरकारी कायद्याचे बळ नव्हते, आणि नोंदणी न केलेल्यालाही पैसे घेऊन सल्ला देण्यास मज्जाव नव्हता.

व्यवसायांचे नियमन हा अमेरिकेत मुख्यतः राज्यांचा अधिकार असल्यामुळे 1980 च्या दशकात राज्याराज्यांतून जे कायदे होऊ लागले, ते एकसारखे नव्हते. टेक्सासने 1983 मध्ये पदनाम-संरक्षणाचा मार्ग धरला, म्हणजे अर्हता नसलेल्याने स्वतःला परवानाधारक डाएटिशियन म्हणवून घेऊ नये, इतकेच बंधन घातले. फ्लोरिडाने 1988 मध्ये त्यापुढे जाऊन व्यवसायालाच परवाना लावला, म्हणजे पाटी कोणतीही असो, मोबदला घेऊन व्यक्तिगत आहारसल्ला देणे हेच परवान्याविना बेकायदा ठरवले. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या विकारांतील आहारोपचाराचा खर्च मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी विमायोजना 2002 पासून देऊ लागली, तेव्हा अधिकृत अर्हतेला आर्थिक महत्त्वही आले.

परवान्यामागील युक्तिवाद निराधार नाही. निरोगी माणसाला केळी आणि टोमॅटो भरपूर खाण्याचा सल्ला हिताचाच असतो, पण मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या रुग्णाच्या रक्तात त्यांतील पोटॅशियम साचून हृदयाची लय बिघडू शकते, आणि सल्ला देणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो प्राणावर बेततो. परंतु हाच नियम निरोगी माणसाच्या वजनाविषयीच्या सल्ल्यालाही लावला, की तो रुग्णाच्या रक्षणापेक्षा धंद्याभोवतीचे कुंपण अधिक वाटू लागतो. मिशिगनमध्ये 2006 चा परवाना-कायदा प्रत्यक्ष अमलात न येताच 2014 मध्ये रद्द झाला, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

फ्लोरिडात 2017 मध्ये हा प्रश्न टोकाला गेला. परवाना नसलेल्या एका आरोग्य-मार्गदर्शिकेशी राज्याच्या तपास-अधिकाऱ्याने ग्राहक असल्याचे भासवून पत्रव्यवहार केला, आणि दंड व तपासखर्च मिळून सुमारे 750 डॉलर तिच्याकडून वसूल झाले. सल्ला देणे म्हणजे बोलणे, तेव्हा हा भाषणस्वातंत्र्याचा भंग आहे, असे म्हणत ती न्यायालयात गेली. परंतु कायदा व्यावसायिक वर्तनाचे नियमन करतो, भाषणावर पडणारा भार केवळ आनुषंगिक आहे, असे ठरवून संघराज्याच्या अपील न्यायालयाने 2022 मध्ये कायदा वैध मानला. दरम्यान विधिमंडळाने 2020 मध्येच त्याची धार कमी केली होती : आहारोपचाराची गरज असलेल्या आजारासाठी जी व्यक्ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे तिला सल्ला द्यायचा नाही आणि स्वतःला डाएटिशियन म्हणवायचे नाही, एवढी पथ्ये पाळणाऱ्यास परवान्याची गरज उरली नाही, आणि लठ्ठपणा व वजन घटवणे हे विषय त्या बंधनातून स्पष्टपणे वगळले गेले. रुग्ण आणि निरोगी यांच्यातील ही सीमारेषा 1988 मध्येच आखली गेली असती, तर तो दंड आणि तो खटला दोन्ही टळले असते.